घरटी एक मेंदू

एमआरआयच्या टेबलावर माणूस आडवा झाला की त्याचं बोलणं बंद होतं, म्हणून मला हे काम आवडतं. चंद्रपूरच्या आमच्या केंद्रात मी बरीच वर्षं मशीन चालवतो आहे. लोक आत जाताना देवाचं नाव घेतात आणि बाहेर येताना मला विचारतात, काही निघालं का? मी सांगतो, डॉक्टर सांगतील. यापलीकडे त्यांचा-माझा संबंध नसतो आणि नसावा असंच माझं मत आहे. सोमारी वेलादीच्या बाबतीत ते मत मला गुंडाळून ठेवावं लागलं.

सोमारी अहेरीच्या पलीकडची, कोसमटोला नावाच्या जंगलातल्या गावची. वय सत्तरच्या आसपास, म्हणजे तिच्या अंदाजाने. ठेंगणी, रुंद हाडाची, गळ्यात मण्यांच्या माळांचा भारा आणि दंडावर हिरवं गोंदण. आवाज असा, की ती बाहेर बाकावर बसली असली तर आत मला मशीनचा खडखडाट कमी वाटायचा. घरची भाषा माडिया. पण अहेरीच्या बाजारात मोह आणि चारोळी विकण्यात जन्म गेल्यामुळे मराठी फाडफाड बोलायची, आणि भाव पाडून मागणाऱ्याला त्याच मराठीत वाटेला लावायची. स्वभावाने हट्टी. खोटं बोलायची वेळ आली तर डोळ्याची पापणी न हलवता बोलणारी. ती कोणी थोर बाई होती असं मी म्हणणार नाही.

ती आमच्याकडे आली ती एका अभ्यासासाठी. आमच्या रेडिओलॉजिस्ट डॉ. नाहीद यांनी तो हाती घेतला होता. नाहीदमॅडम चंद्रपूरच्याच. त्यांच्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, आणि एखादी गोष्ट बंद का पडते यापेक्षा ती इतके दिवस चालते कशी, याचं कुतूहल त्यांना तिथूनच लागलं असावं. मेंदूत जो पांढरा भाग असतो तो म्हणजे इकडचा निरोप तिकडे नेणाऱ्या तारांचे जुडगे. वय वाढलं की तारांवरचं वेष्टण झिजतं, मधेमधे ठिपके पडतात, निरोप उशिरा पोचतात. हे सगळ्यांचंच होतं. कोणाचं लवकर, कोणाचं सावकाश. शहरातल्या लोकांवर असे अभ्यास ढिगाने झालेत. जंगलात राहून आयुष्यभर पायी चाललेल्या माणसांचं काय होतं, ते मॅडमना बघायचं होतं. त्यासाठी एकाच माणसाचा मेंदू दोन वर्षांच्या अंतराने टिपायचा, दोन्ही चित्रं एकावर एक ठेवायची आणि काय बदललं ते मोजायचं. दोन्ही वेळी माणूस तोच हवा, हे इतकं उघड होतं की ते कोणी बोलूनच दाखवलं नाही.

इथेच घोळ झाला. कोसमटोल्यात कुठलंही सामाईक काम निघालं, म्हणजे वणवा अडवायला जाळरेषा साफ करायची असो की तळ्याची पाळ बांधायची असो, कोतवाल पत्रू एकाच पद्धतीने हाक देतो: घरटी एक माणूस. मग घरात ज्याला सवड असेल तो निघतो. आज थोरला गेला, उद्या धाकटा. पाळी घराची असते, माणसाची नसते, आणि कोण आलं हे कोणी विचारत नाही. अभ्यासाची माणसं गावात गेली तेव्हा पत्रूने तीच हाक दिली. घरटी एक म्हातारं माणूस, चंद्रपूरच्या मशीनसाठी. गावाला ती चटकन समजली आणि पाहिजे तेवढी माणसं एका सकाळीत जमली. अभ्यासवाले खूश झाले.

वेलादींच्या घरात म्हातारी माणसं दोन. सोमारी आणि तिची धाकटी जाऊ गुलाब. दोघींचे नवरे, सख्खे भाऊ, कधीच वारले. सोमारीचा मुलगा रोशन गडचांदूरला चुनखडीच्या खाणीवर डंपर चालवतो. गुलाबला मूलबाळ नाही. पहिल्या वेळी सोमारी आली.

टेबलावर चढण्याआधी तिने मला थांबवलं आणि यात दिसतं काय ते आधी सांग म्हणाली. सहसा मी अशा चौकशा उडवून लावतो. पण तिच्यापुढे उडवून लावणं सोपं नव्हतं. म्हणून मी सांगितलं की हे मशीन पाणी बघतं. भाताच्या बांधीत पाणी पाटाने सरळ जातं तसं डोक्यातल्या तारांमधूनही ते सरळ जातं. धुरे, म्हणजे कडेचे बांध, खचले की चहूकडे पसरतं. तुमचं सरळ जातं की पसरतं, एवढंच बघायचं.

"मंग मायी गुलाब टाका यात," ती म्हणाली. "तिचे धुरे फुटले."

मग तिने गुलाबचं सांगितलं. आधी चाल बिघडली. पाय उचलायचेच नाहीत, जमिनीला चिकटल्यासारखे घासत जायचे, आणि वळताना तोल जायचा. मग लुगडं ओलं व्हायला लागलं. मग बोलणं आटलं. आणि सोमारीच्या लेखी हेच सगळ्यात वाईट होतं, कारण या दोघी उभ्या जन्मात भांडल्याशिवाय जेवल्या नव्हत्या. मोह कुठे वाळवायचा यावरून भांडण, कोंबडी कोणाची यावरून भांडण, भात शिजला की कच्चा राहिला यावरूनही. जीभ गुलाबची जास्त तिखट. सोमारीचा फक्त आवाज मोठा. आता सोमारी वाट्टेल ते बोलली तरी गुलाब भिंतीला टेकून बसून राहायची आणि मान हलवायची.

नाहीदमॅडमनी तिला नीट बसवून समजावलं. अभ्यासात निरोगी म्हातारी माणसंच घेतात. ज्याची चाल किंवा आठवण आधीच बिघडली आहे त्याला घेतलं तर वयाने काय होतं आणि दुखण्याने काय होतं हे वेगळं काढता येत नाही. जावेला दवाखान्यात दाखवा, असं त्यांनी लिहूनही दिलं. सोमारीने कागद घेतला, ऐकून घेतलं आणि जाता जाता बाहेरच्या बाकावरच्या लोकांना मोठ्याने सांगितलं, की या मशीनला धडधाकट डोकी बघायचाच शौक आहे.

पुढची दोन वर्षं तिने गुलाबला दवाखान्यांतून फिरवलं. कधी बसने, कधी कोणाच्या मोटारसायकलवर मधे बसवून आणि मागून धरून. एका ठिकाणी ताकदीच्या गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं की वय झालं. तिसऱ्या ठिकाणीही वय झालं. यावर सोमारीचा एकच सवाल असायचा, आणि तो तिने पुढे मलाही घातला: "मी मोठी हाय. वय तिलेच काऊन झालं?" नाहीदमॅडमचा सगळा अभ्यास खरं म्हणजे याच प्रश्नाचा होता, पण त्याचं उत्तर यायला अजून पुष्कळ वर्षं होती, आणि गुलाबला तेवढी सवड नव्हती. रोशन नागपूरला नेऊ म्हणायचा, खाणीवर रजा मिळायची नाही, पुढच्या महिन्यावर जायचं. तो वाईट मुलगा नव्हता. सोमारीला गुलाब परत हवी होती. धड चालणारी आणि तोंडाला तोंड देणारी. बाकी कशाची तिला पर्वा नव्हती.

दोन वर्षं झाली. मोह गळायच्या दिवसांत पत्रूने पुन्हा हाक दिली: घरटी एक म्हातारं. सोमारीने गुलाबला न्हाऊ घातलं, आपल्या माळा तिच्या गळ्यात घातल्या आणि तिला घेऊन चंद्रपूरची बस धरली.

पहिल्या वेळी नावं लिहून घेणारी कार्यकर्ती लग्न होऊन आरमोरीला गेली होती. तिच्या जागी दिव्या नावाची नवी मुलगी होती. तिने सोमारी वेलादी अशी हाक मारली तेव्हा गुलाब जागची हलली नाही. शेजारी बसलेल्या सोमारीने तिला कोपर मारलं आणि उठवून आत आणलं. मी हिची जाऊ गुलाब, असं तिने दिव्याला सांगितलं. हिला आता कमी ऐकू येतं, विचारायचं ते मला विचारा. आधार कार्ड सोमारीचं होतं. त्यावरचा फोटो बघून कोण कोणाला ओळखणार? त्यात मी सोमारी असू शकतो. आणि मला म्हणाल, तर दागिने काढून गाऊन घातला की सत्तरीच्या सगळ्या बाया सारख्याच दिसतात. माझं काम चेहरे बघण्याचं नाही, डोकं सरळ ठेवण्याचं आहे.

डोकं सरळ राहिलं. इतकं निश्चल कोणी पडून राहत नाही. लोक खोकतात, पाय हलवतात, हातातला फुगा दाबून बाहेर काढा म्हणतात. ही बाई ठेवली तशी राहिली. चित्रं काचेसारखी स्वच्छ आली आणि मी मनातल्या मनात तिला त्या दिवसाची सर्वात चांगली पेशंट ठरवलं. मग पडद्याकडे नीट बघितलं आणि मॅडमना बोलावून घेतलं.

मेंदूच्या मधोमध पाण्याच्या पोकळ्या असतात. त्या फुगून पार गच्च झाल्या होत्या, आणि भोवतालच्या पांढऱ्या भागात पाणी मुरलं होतं. मॅडमनी दोन वर्षांपूर्वीचं चित्र शेजारी लावलं. तेव्हा सगळं बेताचं होतं, वयाला शोभेल एवढंच. दोन वर्षांत इतकं कसं झालं, असं त्या दोनदा म्हणाल्या. बाहेर येऊन बघितलं तर दोघी चहा पिऊन बस पकडायला गेलेल्या. कोसमटोल्यात फोनला रेंज नाही.

त्याच दिवशी त्यांनी कोसमटोल्याची बाकीची चित्रंही लावून पाहिली. झिंगू नावाच्या एका म्हाताऱ्याचा मेंदू दोन वर्षांत चांगला दहा वर्षांनी तरुण झाला होता. दुसऱ्या एका बाईच्या डोक्यातले ठिपके पुसले गेले होते. मी म्हटलं, कोसमटोल्याचं पाणी बाटलीत भरून विकलं पाहिजे. मॅडमना हसू आलं नाही. जुनं आणि नवं चित्र एकावर एक बसवायला संगणक तयारच होईना, तेव्हा त्यांनी पहिला संशय माझ्या मशीनवर घेतला. हे मला लागलं, कोणालाही लागलं असतं. मी मशीन तपासायची पाण्याची बाटली आत ठेवून सगळ्या चाचण्या घेतल्या. मशीन बिनचूक होतं. मग मॅडमनी मेंदू सोडून कवट्या मोजल्या. मेंदू वयाने बदलतो, पण कपाळाच्या हाडातली पोकळी म्हातारपणी आकार बदलत नाही. कोसमटोल्यातल्या सहा-सात जणांच्या बाबतीत आम्ही वडाची साल पिंपळाला लावत बसलो होतो.

ती फुगलेल्या पोकळ्यांची बाई कोण, हे आता कळायलाच हवं होतं. मॅडम म्हणाल्या, दुखणं कोणाचंही असो, वेळेवर गाठलं तर याला इलाज आहे. आम्ही गाडी काढली. मॅडम, दिव्या आणि मी. मला नेलं ते मशीनच्या अब्रूचा प्रश्न होता म्हणून. निदान मी तसं समजलो.

पत्रू कोतवालाने आम्हाला बाजेवर बसवलं आणि काय चुकलं तेच त्याला कळेना. घरटी एक मागितलं, घरटी एक दिलं. झिंगू बांबू आणायला गेला होता, तर त्याचा धाकटा भाऊ आला. एकही घर चुकलं नाही, सगळ्यांनी पाळी पाळली. असं गाव दुसरं दाखवा, असं तो म्हणाला, आणि त्याला खरोखरच अभिमान वाटत होता. नाहीदमॅडम आधी कपाळाला हात लावून बसल्या, मग हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षांचं काम होतं ते.

बाकी सगळ्यांचा भोळेपणा होता. सोमारीचा नव्हता, आणि तिने तसा आवही आणला नाही. ती मोहाच्या झाडाखाली फुलं वेचत होती. आम्हाला बघून टोपली खाली ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला: "काय निघालं?" मॅडमनी विचारलं की तुम्हाला नियम माहीत होता, मी स्वतः समजावला होता, तरी तुम्ही गुलाबला तुमच्या नावाने का आणलं?

"नाव मायं व्हतं," सोमारी म्हणाली. "तिले देल्लं. तुमी तिच्या नावानं घेत नव्हते."

मॅडमनी यावर वाद घातला नाही. झाडाखालीच बसून त्यांनी सांगितलं की गुलाबचं हे वयाचं नाही. डोक्यातल्या पाण्याला वाट मिळत नाही, ते साचतं आणि तारा दाबतं. नागपूरला नेऊ. कमरेतून सुईने थोडं पाणी काढून बघतात. तेवढ्याने चाल सुधारली तर डोक्यात बारीक नळी बसवून पाणी कायमचं पोटाकडे वळवता येतं. नळी बसवायला कवटीला भोक पाडावं लागतं. सोमारीने सगळं ऐकलं आणि आजच निघू म्हणाली. वेचलेला मोह शेजारणीला देऊन टाकला. मोहाच्या दिवसांत कोसमटोल्यात असं कोणी करत नाही.

नागपूरचं मी बघितलं नाही. दिव्या सोबत होती, तिच्याकडून ऐकलं. कमरेतून पाणी काढलं, गुलाब दुपारभर झोपली. संध्याकाळी उठली, पलंगावरून पाय खाली सोडले आणि दारापर्यंत चालत गेली. पाय उचलून. वळताना तोल गेला नाही. वॉर्डातल्या बाया बघत राहिल्या. सोमारी तिच्या मागे हात पसरून चालत होती, ती पडेल म्हणून, आणि गुलाबने वळून तिला म्हटलं, मागे मागे काऊन येऊन राह्यली. तेव्हा सोमारी भिंतीला धरून रडली. दिव्या म्हणते, असं रडताना तिने कोणाला पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सर्जन आले. गुलाब सरळ बसली होती, माळा चाचपत होती. या माळा माझ्या नाहीत, असंही तिने सांगितलं. सर्जननी तिला ऑपरेशन समजावलं. दिव्याने ते सोप्या मराठीत सांगितलं आणि सोमारीने माडियात. गुलाबने शेवटपर्यंत ऐकलं. मग दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

"नाई," ती म्हणाली. "डोस्कं फोडू देनार नाई. बाई, मले घरी ने. जशी मराची तशी मरन."

ती मोठ्या जावेला बाई म्हणायची. सर्जन म्हणाले की पेशंट शुद्धीवर आहे आणि नको म्हणतोय, तर आम्ही हात लावत नाही. सोमारीने समजावलं, शिव्या दिल्या, रोशनला गडचांदूरहून बोलावून घेतलं. गुलाबने सगळ्यांना तेच सांगितलं. उलट सोमारीलाच सुनावलं, की माझ्या पाठीमागे तू आयुष्यभर माझं ठरवत आलीस. हे खरं होतं. सोमारीने नाकारलं नाही, पण तिला घरी नेलंही नाही.

आणि मग पाणी पुन्हा भरायला लागलं. ते भरणारच होतं. सुईचा उपाय तात्पुरता असतो. हळूहळू पाय जमिनीला चिकटायला लागले, बोलणं कमी झालं, आणि एके सकाळी गुलाब परत पहिल्यासारखी मान हलवत बसली. चहा हवा का? हो. घरी जायचं का? हो. ऑपरेशन करू या का? हो.

नाहीदमॅडम चंद्रपूरहून मुद्दाम नागपूरला गेल्या. त्यांनी सोमारीला बाहेर पायरीवर बसवलं. हे सगळं त्यांनी मला परत आल्यावर स्वतः सांगितलं. त्या सोमारीला म्हणाल्या, "आजचं तिचं हो मी धरत नाही, बाई. ते कशालाही येतं. त्या दिवशी ती नाही म्हणाली, ते तिचं खरं होतं. कायद्याने तिच्या जागी तुम्ही आणि रोशन हो म्हणू शकता. पण ती काय म्हणाली ते तुम्हाला माहीत आहे."

रोशन बाजूला उभा होता. तो म्हणाला, मा, तुम्हा दोघींचं तूच ठरव.

सोमारी उठून आत गुलाबकडे एकदा बघून आली. मॅडमना वाटलं की ती आता जावेला घरी घेऊन जाईल, आणि नेलं असतं तर त्यांनी अडवलं नसतं. ज्या दिवशी माणूस माणसात असतो, त्या दिवशीचं त्याचं म्हणणं ऐकावं, असं त्यांचं मत. मलाही ते पटतं. सोमारीला पटत नव्हतं असं नाही. तिला ते पुरतं कळत होतं.

"मले मालूम हाय," ती शेवटी म्हणाली. "ते नाई म्हनली, हे खरं हाय. पन जे गुलाब नाई म्हनते, तेच गुलाब मले पाह्यजे. हे हो म्हननारी घरी नेऊन मी काय करू?"

"बरी झाली तर ती तुमच्यावर रागावेल," मॅडम म्हणाल्या.

"रागावू द्या. मी ऐकून घेतो."

आणि तिने अंगठा दिला. रोशनने सही केली.

हे ऐकलं तेव्हा मला राग आला होता. कोणाचा, ते नीट सांगता येत नाही. शुद्धीतल्या माणसाने स्पष्ट नको म्हटलेलं, शुद्ध हरपल्यावर त्याच्यावर लादायचं, हे काही बरोबर नाही. आणि तरी त्या पायरीवर मी असतो तर काय केलं असतं, याचं उत्तर मी आजवर टाळत आलो आहे. दिवसभर माणसांच्या डोक्यात बघतो, पण असल्या प्रश्नाचं उत्तर तिथे दिसत नाही. मॅडमनीही पुढे कधी हा विषय काढला नाही. अभ्यासातून कोसमटोल्याची दुसऱ्या फेरीची सगळी चित्रं काढून टाकली, आणि नवी फेरी घ्यायचं ठरलं. या वेळी पत्रूला नीट पढवलं. घरटी एक नाही. पहिल्या वेळी आलेलंच माणूस.

भात कापून झाला तेव्हा कोसमटोल्याची मंडळी आली. झिंगू आला, स्वतः. सोमारी आली, एकटी. मी आता चेहरे बघायला लागलो आहे, तेव्हा तिला लगेच ओळखलं. थोडी वाळली होती. आवाज तेवढाच होता. दिव्याने नाव पुकारलं तेव्हा सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं मीच हाय म्हणाली.

ती माळा काढून ट्रेमध्ये ठेवत होती. मी सहसा विचारत नाही, पण विचारलं की गुलाबबाई कशा आहेत. सोमारी म्हणाली की चालते. काठी टाकली. कापणीला बांधीत उतरली, वाकून भारे बांधले. लुगडं कोरडं राहतं. मधेच एखादी गोष्ट विसरते, मीठ दोनदा घालते, पण तेवढं तर सोमारीही विसरते. ऑपरेशननंतर गुलाबने सोमारीकडून पुरी हकीकत ऐकून घेतली, आणि टाके काढायच्या दिवशी विचारलं की हो कोण म्हणालं. सोमारीने सांगितलं, मी.

"मग?" मी म्हटलं.

"मंग काय. घरी आलो आन् तिनं चूल अलग मांडली. एका आंगनात राह्यतो, पन मायासंगं बोलत नाई. समोरून गेली तं तोंड फिरवते. पोया गेला, दिवारी गेली, एक शब्द नाई."

हे सांगताना तिच्या तोंडावर दुःख असावं म्हणून मी बघितलं. नव्हतं. ती टेबलावर बसली, पाय वर घेतले, डोकं ठेवायची जागा हाताने चाचपली. मी म्हटलं, होईल हळूहळू, किती दिवस अबोला धरतील.

"नाई भाऊ," ती म्हणाली, आणि आडवी झाली. "आता नाई बोलनार ते. पुरी शुद्धीत हाय."